पानशेतच्या पुरावर नाटक बसवतोय. रंगमंचावर पाणी दाखवावं का?

दूधगंगाकाठ

नमस्कार मंडळी. मी चिक्कोडी तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावची. शाळेत मराठी शिकवते आणि गावातल्या हौशी कलाकारांसाठी नाटकं लिहिते. यात्रेला आमच्याकडे एक रात्र नाटकाची असते. आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं ट्रॅक्टर भरभरून येतात आणि मांडव सोडून उठत नाहीत. यंदा मी पुण्याचा पूर घेतलाय, पानशेतचं धरण फुटून आलेला, १२ जुलै १९६१ चा. दोन्ही अंक लिहून झालेत, तालमी सुरू आहेत. पण एका गोष्टीवरून मंडळात सरळ दोन तट पडलेत, म्हणून इथं विचारतेय.

नाटक थोडक्यात सांगते. पहिला अंक ११ जुलैच्या रात्रीचा. रंगमंचाचे दोन भाग. एका बाजूला पानशेतचं धरण, पाऊस, पोती वाहणारे जवान. दुसऱ्या बाजूला नारायण पेठेतला एक वाडा. वाड्यात मालकीणबाई, तिची बाळंतीण सून आणि जिन्याखालच्या खोलीतला एक भाडेकरू, छापखान्यात खिळे जुळवणारा. त्याच्या कानावर छापखान्यात आलंय की धरणाचं काही खरं नाही. रात्री तो घरी येतो. वाडा झोपलेला असतो, बाळ नुकतंच कुठे शांत झालेलं असतं. सगळ्यांना उठवावं की सकाळपर्यंत थांबावं, एवढ्याच गोष्टीवर अख्खा अंक उभा आहे. तिकडे चाळीस-एक किलोमीटरवर जवान पोत्यावर पोतं रचतायत आणि इकडे हा माणूस दारावर थाप मारायला हात उचलतो आणि खाली घेतो.

दुसरा अंक १२ तारखेचा. भांडण या अंकावरून आहे. आमचे मुख्य नट नेपथ्यही बघतात. त्यांना पाणी दाखवायचंय. निळी कापडं दोन्ही विंगांतून हलवायची, मागे प्रोजेक्टरवर लाटा, तरंगती भांडी, बुडणारा जिना. त्यांचं म्हणणं, "पुराचं नाटक आणि पूर दिसत नाही, मग लोकांनी बघायचं काय?" मला रंगमंचावर पाण्याचा एक थेंबही नकोय.

माझं कारण सांगते. आमच्या मांडवात बसणाऱ्या माणसांनी २००५ पाहिलंय, २०१९ पाहिलंय, २०२१ पाहिलंय. कारदगा-भोज पूल पाण्याखाली गेला ही आमच्याकडे बातमी राहिलेली नाही, पावसाळ्याचं वेळापत्रक झालंय. ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाला पाणी आलं तेव्हा सासऱ्यांनी पाण्याच्या कडेला तुरीची काठी रोवली. तासाभराने बघितलं तर काठी पाण्यात वितभर आत होती. त्यांनी दुसरी रोवली. "वाढाय लागलंय," एवढंच म्हणाले आणि गोठ्याकडे गेले. म्हशी सोडल्या, वैरण ट्रॉलीत टाकली, आणि आम्ही चिक्कोडीकडच्या गंजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या सरकारी छावणीत, जाऊन राहिलो. ज्या माणसांनी अशा काठ्या रोवल्यात त्यांच्यासमोर मी निळी चादर हलवू? मला ते त्यांच्या अनुभवाची थट्टा केल्यासारखं वाटतं.

पण नुसतं "नको" म्हणून भागत नाही. पाण्याऐवजी काय, हे मला सांगता यायला हवं. आणखी एक अडचण आहे. आमचा पूर इंचाइंचानं येतो, सामान हलवायला वेळ देतो. पुण्याचा तसा नव्हता. आमच्या प्रेक्षकाला तो फरक कसा कळावा? धरणाच्या कामात आयुष्य गेलेलं कुणी इथं असेल, तर त्या रात्री धरणावर नेमकं काय दिसलं असेल तेही हवंय. आणि ज्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी पुण्याचा तो दिवस पाहिलाय, त्यांनी घरातून बाहेर पडताना काय उचललं होतं? मला मोठ्या गोष्टी नकोत, हाताला लागलेली वस्तू हवी आहे.

---

पडदा_उघडा (निपाणी)

बाई, तुमच्या नटाची बाजू मी घेतो. लोक रात्री दहाला येऊन पहाटेपर्यंत बसतात ते डोळ्यांना काहीतरी मिळावं म्हणून. परदेशात महानगर बुडतं अशी नाटकं, सिनेमे, मालिका निघतात, त्यात पाणी हेच मुख्य पात्र असतं. लंडन बुडण्याच्या गोष्टी तर कितीतरी. आणि त्या हवेतून आलेल्या नाहीत. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राला वादळी भरती आली, इंग्लंडमध्ये ३०७ माणसं गेली, नेदरलँड्समध्ये १८०० हून जास्त. त्या धसक्यातून पुढे थेम्स नदीवर आडवी दारं बांधली. पात्र ५२० मीटर रुंद, दारं दहा, उद्घाटन १९८४ साली. आता दारं असूनही पाणी वरून आलं तर काय, या एका भीतीवर त्या सगळ्या गोष्टी चालतात. तिथं लाट दाखवली नाही तर प्रेक्षक ती भीती घेणार कुठून?

आपल्याकडे साधनं कमी आहेत हे मान्य. पण कापड चांगलं वापरलं तर रात्रीच्या मांडवात ते पाणीच वाटतं. आमच्याकडे एका पौराणिक नाटकात यमुना दाखवली होती, बायकांनी हात जोडले होते.

आणि एक विचारू? पानशेतच का? आपल्या भागातली निम्मी पोरं मुंबईला आहेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस आपल्या घराघरात माहीत आहे. फोन लागत नव्हते, आया रात्रभर जाग्या होत्या.

---

दूधगंगाकाठ

मुंबईचा विचार मी केला होता, दादा. पण २६ जुलैचं पाणी आभाळातून पडलं. पानशेतचं पाणी माणसांनी अडवलेलं होतं, ते कुठे अडवलंय हे माहीत होतं, आणि ते निसटतंय हेही रात्रभर काही माणसांना दिसत होतं. ज्यांना दिसत होतं ते आणि ज्यांच्या घरात ते शिरणार होतं ते, यांच्यामध्ये एक रात्र होती. मला ती रात्र लिहायची आहे. धरण फुटणार हे आमच्या प्रेक्षकाला पहिल्या मिनिटापासून ठाऊक असेल. त्याला त्या भाडेकरूला ओरडून सांगावंसं वाटलं पाहिजे, "अरे, मार की दारावर थाप!"

यमुनेचं म्हणाल तर यमुना ही देवी आहे, तिला हात जोडले जातात. पुराच्या पाण्याला हात जोडणारी माणसंही आमच्याकडे आहेत. पण ती ओटी घेऊन नदीवर जातात, नाटकात नाही.

---

जुना_पाटकरी

बाई, मी घटप्रभेच्या खोऱ्यात पाटबंधाऱ्याच्या कामावर उमर घालवली. हिडकल धरणाच्या दारांवर पावसाळ्यातल्या रात्री काढल्यात. पानशेत आम्हाला धडा म्हणून शिकवलं जायचं. जे पक्कं माहीत आहे तेवढं सांगतो.

पानशेत मातीचं धरण, आंबी नदीवर. १९६१ चा पावसाळा आला तेव्हा काम पुरं झालेलं नव्हतं, आणि तरी त्यात पाणी साठलं. मातीच्या भरावाखालून पाणी बाहेर काढायला जो बोगद्यासारखा मार्ग असतो त्यात सळईचं काँक्रीट असायला हवं होतं, ते नव्हतं. दारांचं कामही अर्धवट. पाण्याचा जोर आला तसा तो मार्ग खचला, आणि तो खचला म्हणून त्याच्या वरचा भराव खाली बसायला लागला.

आता तुमच्या नाटकाच्या कामाची गोष्ट. दगडी धरणावरून पाणी गेलं तर ते काही काळ सोसतं. मातीच्या धरणाला ते चालत नाही. भाताच्या बांधावरून पाणी एकदा ओलांडलं की टाचेएवढी चीर बघता बघता बांध कापत नेते, तसं होतं. म्हणून जवानांनी जिथं माथा खचत होता तिथं वाळूची पोती रचली. पण विचार करा, ते कुठल्या परिस्थितीत रचत होते. माथा खाली बसतोय आणि जलाशयाचं पाणी वर चढतंय, दोन्ही एकाच वेळी. पोत्यांचा एक थर लावला की तो थर भरावासकट खाली जातो. पुन्हा वर दुसरा. रात्रभर माणूस काम करतो आणि उंची तेवढीच राहते. तुमच्या दिग्दर्शकाला सांगा, पोत्यांची भिंत वाढताना दाखवू नका. ती तिथंच राहिली पाहिजे. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येईल.

आणि ती मेहनत वाया गेली असं दाखवू नका, ही माझी हात जोडून विनंती. त्या पोत्यांमुळे धरण रात्री फुटायचं ते सकाळी फुटलं. पुणं अंथरुणात असताना पाणी आलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. नंतर खाली खडकवासल्याचं धरण होतं, १८७९ चं, दगडी. त्यानेही काही तास धरलं. मग दुपारच्या सुमारास तेही गेलं. म्हणजे शहराला दोनदा वेळ मिळाला, एकदा माणसांनी दिलेला आणि एकदा जुन्या दगडांनी. दुसऱ्या अंकात हे दोन टप्पे वेगळे ठेवा. आधी पाणी वाढतंय, माणसं पुलावर बघायला जातायत, आणि मग ते थांबतच नाही.

तुम्ही विचारलेला फरक यातच आहे. आज काळम्मावाडी किंवा कोयना धरणातून पाणी सोडलं की किती क्युसेक सोडलं ते कल्लोळ बंधाऱ्यावर पाणी पोचायच्या आधी तुमच्या मोबाइलवर येतं. आकडा येतो म्हणून तुमच्या सासऱ्यांना काठी रोवायला उसंत मिळते. पुण्याच्या त्या वाड्याला आकडा कुणी दिला नव्हता.

रात्रीचं दृश्य हवं असेल तर पेट्रोमॅक्सच्या बत्त्या ठेवा. आणि एक माणूस पाण्याची पातळी दाखवणाऱ्या खुणेच्या खुंटीकडे नुसता बघत उभा ठेवा. धरणावर अशा रात्री सगळ्यात जास्त घाम त्यालाच फुटतो. तो काहीच करत नसतो, फक्त वाचून सांगत असतो.

---

लाइटवाला, शहापूर

पाटकरीकाकांचा तो खुंटीवाला माणूस मला द्या. त्याच्यावर एक स्पॉट, बाकी सगळं अंधारात. ११ जुलैला अमावास्या तोंडावर होती, त्यात पाऊस, म्हणजे अंधार खराखुरा. बत्तीच्या उजेडाबाहेर काहीच दिसता कामा नये.

मी बेळगावात आणि आसपासच्या गावांत नाटकांना लाइट आणि साउंड देतो. बळ्ळारी नाल्याचं पाणी येळ्ळूर-वडगावच्या भातात पसरतं तेव्हा मी रेकॉर्डर घेऊन गेलो होतो. पाण्याचा आवाज मिळेल म्हणून. मिळालाच नाही. पसरलेलं पाणी गप्प असतं. बाई, तुमच्याकडे पुरात रात्री कानाला काय ऐकू यायचं? ते सांगा, मी आवाज तयार करून देतो. लोकांना पूर कानातून द्या.

निळ्या कापडाबद्दल माझं मत: यात्रेच्या मांडवात वारं असतं. कापड आपल्या मर्जीनं हलत नाही. एवढं कारण तुमच्या नटाला पुरेल, भांडण मिटेल.

---

दूधगंगाकाठ

लाइटवाले दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि आम्ही केंद्रात राहायला गेलो त्याच्या आदल्या रात्री काय ऐकलं ते एकदम लख्ख आठवलं. भिंती.

आमच्या जुन्या गल्लीत अजून पांढऱ्या मातीची घरं आहेत. पाणी भिंतीच्या पायाशी दिवसभर उभं राहतं, काही होत नाही. रात्री आधी पोपडा सुटतो, सुर्र असा बारीक आवाज. मग थोडा वेळ काहीच नाही. मग धप्प. एक घर. कुत्री भुंकतात, पुन्हा शांत. मग लांब दुसऱ्या गल्लीत धप्प. आम्ही माडीवर अंधारात बसून ओळखत होतो, हे कुणाचं गेलं. सासूबाई एकेक नाव घ्यायच्या. पाण्याचा आवाज खरंच नव्हता.

पुण्याचे वाडेही माती, दगड आणि लाकडाचे. दुसऱ्या अंकात पाणी न दाखवता भिंती पडताना ऐकवायच्या आणि मालकीणबाई शेजारच्या वाड्यांची नावं घेत जाईल. दिवसाउजेडी हे होतंय हे लाइटवर कळलं पाहिजे, आमच्याकडे रात्र होती, तिथं भर दुपार. भर दुपारी घरं पडतायत हे जास्त भयंकर आहे.

हा आवाज करता येईल का? रेकॉर्ड नको, विंगेत प्रत्यक्ष हवा.

---

लाइटवाला, शहापूर

येईल. ओल्या मातीचं पोतं लाकडी पेटाऱ्यावर सोडायचं, वरून. पोपड्यासाठी सुपातून वाळू आणि खडे, सावकाश. माइक जमिनीलगत. दोन पेटारे वेगवेगळ्या अंतरावर ठेवले की जवळची भिंत आणि लांबची भिंत वेगळी ऐकू येते. पहिल्या अंकातली जवानांची पोतीच विंगेत वापरा.

---

खानापूरची_लेक

मी नंदगडजवळची, लग्न होऊन पुण्यात आले. माझ्या आजेसासूबाई तेव्हा शनिवार पेठेत राहायच्या. आता त्या नाहीत, पण त्यांच्या तोंडून हे इतक्यांदा ऐकलंय की मी तिथं होते असं वाटतं.

त्या दिवशी बुधवार होता. पोरं सकाळच्या शाळेला गेली होती. आजी कणीक मळत होत्या. गल्लीतून कुणीतरी पळत आलं, नदीला पाणी चढतंय, निघा. आजींनी विचारलं, किती वेळ? तो म्हणाला, दोन तासांत उतरेल. म्हणून त्यांनी मळलेली कणीक परातीसकट उचलली, वर ओलं फडकं टाकलं आणि पर्वतीच्या बाजूला नणंदेकडे निघाल्या. दागिने कोनाड्यात, धान्य कणगीत, दप्तरं खुंटीला, सगळं तिथंच. नणंदेकडे पोळ्या करून पोरांसाठी घरी घेऊन जायच्या, असा हिशोब. पोरांना शाळेतून कुणी आणलं, ती कधी भेटली, हे सांगताना त्या दरवेळी अडखळायच्या, म्हणून मीही ते खोदून विचारलं नाही. संध्याकाळी सगळे भेटले एवढं नक्की.

परतल्यावर घर नव्हतं. गाळ होता, कमरेएवढा. पेठांत कितीतरी दिवस वास होता, कुजलेल्या धान्याचा आणि मेलेल्या जनावरांचा. आणि प्यायला पाणी नाही! शहराला पाणी खडकवासल्याचं, ते धरणच गेलेलं. सगळीकडे पाणी येऊन गेलं आणि नळ कोरडे. लकडी पूल, नवा पूल बुडाले होते, त्यामुळे अलीकडचा माणूस पलीकडे अडकला की दोन्हीकडे नुसती काळजी. गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती नंतर पूरग्रस्तांसाठी झाल्या. आमचं घर आजही त्यातल्याच एका वसाहतीत आहे.

आणखी एक. आजी सांगायच्या की त्यानंतर कितीतरी दिवस कुणीही "पाणी आलं!" असं नुसतं म्हटलं तरी अख्खी गल्ली चढाकडे पळत सुटायची. नळाला पाणी आलं तरी तसं म्हणायची सोय नव्हती. म्हणायचं, "नळ सुरू झाला."

---

पडदा_उघडा (निपाणी)

परातीचं वाचून मी माझा हट्ट सोडला असं समजा. ती बाई परात घेऊन रंगमंचावरून चालत गेली की लाटेची गरज नाही. फक्त एवढं करा, तिला प्रेक्षकांमधून न्या. बायकांच्या बाजूनं. आणि तिने कुणाला तरी विचारू दे, "दोन तासांत उतरेल म्हणतात, खरं का?" बघा आमच्या बायका काय उत्तर देतात. त्यांना माहीत आहे पाणी किती दिवस राहतं.

---

दूधगंगाकाठ

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. आज तालमीत हे सगळं वाचून दाखवलं. नटांनी निळी कापडं परत मांडववाल्याकडे पाठवली, आणि वाऱ्याचं कारण द्यावंही लागलं नाही. ते स्वतः आता खुंटीवाला माणूस करणार आहेत. मोठी भूमिका सोडून बिनहालचालीची घेतली, मला खूप बरं वाटलं.

खानापूरच्या ताई, परातीचा प्रसंग मी सुनेला देतेय. बाळ पाठीशी, परात कमरेवर. तुमच्या घरातली गोष्ट आहे म्हणून विचारते, चालेल ना? तुम्ही नको म्हणालात तर काढून टाकेन. प्रेक्षकांतून जायचंही ठरलं. कुणी उत्तर दिलं तर तिनं थांबायचं, ऐकायचं, आणि तरीही पुढे जायचं. ती मुलगी बारावीत आहे, घाबरलीय, पण करेल.

भाडेकरूचं अजून अडलंय. पाटकरीकाकांनी शहराला दोनदा वेळ मिळाला असं लिहिलं, ते वाचल्यापासून त्याचा शेवट मी पुन्हा लिहायला घेतलाय. आधी तो रात्री गप्प बसल्याबद्दल दुसऱ्या अंकात नुसता रडत होता. आता सकाळी तो पेठेतल्या प्रत्येक दारावर थापा मारत सुटतो. रात्री एका दारावर मारता आली नाही आणि सकाळी शंभर दारं. काही उघडतात, काही "अफवा आहे" म्हणून लावून घेतात. त्या थापा आणि भिंतींचे आवाज एकमेकांत मिसळत जावेत असं वाटतंय. लाइटवाले दादा, प्रेक्षकाला थाप कुठली आणि भिंत कुठली हे काही वेळ कळू नये, असं जमेल का? रविवारी तालीम शाळेच्या हॉलमध्ये आहे. बेळगावहून चिक्कोडीपर्यंत एसटीनं या, पुढं आमचं कुणीतरी गाडी घेऊन येईल.

पाटकरीकाका, जवानांचे संवाद तुम्ही एकदा नजरेखालून घालाल का? त्यातला हवालदार मी "भराव खचतोय" असं म्हणायला लावलाय. रात्री दोन वाजता, भर पावसात, तिथला माणूस खरंच काय ओरडला असता ते मला हवंय. पहिला अंक टाइप करून तयार आहे, पत्ता खासगी निरोपात द्या, आजच पाठवते.

---

जुना_पाटकरी

पाठवा. आणि संवाद कमी करा, बाई. तिथं कुणी वाक्यं बोलत नाही. खुंटीवाला आकडा ओरडतो आणि बाकीचे "पोतं!" म्हणतात, एवढंच. आकडे किती वेळाने आणि कसे वाढवायचे ते मी अंकाच्या कडेला लिहून देतो.